तीन भावंडांचं रक्त

माझ्या बहिणीच्या रक्तात एकही बंध तुटलेला नाही, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती अकरावीत होती. हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला का वाटलं, कोण जाणे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "मग दुखतं कशानं?"

मी म्हसावदला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाव आमचं वर, तोरणमाळच्या बाजूला. तिथल्या आश्रमशाळेनंतर पुढे शिकायचं तर घाट उतरावाच लागतो. मी उतरले, शिकले, नोकरीला लागले आणि धाकट्या बहिणीलाही खाली घेऊन आले. दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. घरात आमचं बोलणं पावरी बोलीत चालायचं, घरमालकीण मावशी आमच्याशी अहिराणीत बोलायच्या, वर्गात मी मराठीत समजावायचे आणि पुस्तक इंग्रजीत असायचं. बहीण माझ्याच वर्गात बसायची. वर्गात मला मॅडम म्हणायची आणि घरी बाई. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

तिला सिकलसेल आहे हे ती आश्रमशाळेत असताना कळलं. तपासणी करणारे लोक आले होते. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होते, म्हणून तिच्यासोबत गेले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. पोरांच्या बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब एका नळीतल्या औषधात टाकायचा आणि थोडा वेळ थांबून ती नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या की पोर खेळायला मोकळं. रेघा दिसल्या नाहीत की त्याला बाजूला बसवायचे. बहिणीची नळी पेजेसारखी गढूळ झाली. मग मीही बोट पुढे केलं. माझीही गढूळ झाली.

पुढे दुसरी, मोठी तपासणी झाली तेव्हा फरक कळला. माझ्यात तो दोष एकाच बाजूने आलेला, म्हणजे मी नुसती वाहक. मला त्याचा काही त्रास नाही. तिच्यात तो दोन्ही बाजूंनी आलेला, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. वडील तोवर गेले होते. आमचा एक भाऊ आहे, आम्हा दोघींच्या मधला. तो शाळा सोडून मुकादमाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता. त्याचं बोट कोणी टोचलंच नाही.

त्या नळीत नेमकं काय होत होतं, हे मला एम.एस्सी.ला असताना उमगलं. त्या औषधाने रक्तातला ऑक्सिजन काढून घेतला जातो. ऑक्सिजन गेला की माझ्या बहिणीच्या रक्तातले रेणू विरघळलेले राहत नाहीत, एकमेकांना चिकटून पाण्यात तरंगायला लागतात. तेच ते गढूळपण. ग्रंथालयात ते पान वाचताना मला व्हरांड्यातली ती नळी दिसली आणि मी पुस्तक मिटून बाहेर येऊन बसले.

तर त्या दिवशी मी वर्गात बंधांचं प्रकरण शिकवलं होतं. दोन अणू जवळ येतात आणि आपापले इलेक्ट्रॉन सामाईक करतात. त्या जोडीवर दोघांचाही हक्क, म्हणून दोघंही तिला धरून राहतात. हा सहसंयुज बंध, तो सहजी तुटत नाही. एका रेणूचं दुसऱ्या रेणूशी असं सामाईक काही नसतं. त्यांच्यात नुसती ओढ असते, कुठे जास्त तर कुठे कमी. पाणी उकळलं तरी वाफेत पाणीच असतं. हायड्रोजन ऑक्सिजनला सोडून जात नाही, सुटतात ते एकमेकांशेजारचे रेणू. पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी त्यांना मोहाच्या दारूचं उदाहरण दिलं. मडक्यातून आधी जास्त दारूच का निघते आणि पाणी मागे का रेंगाळतं? पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ जास्त, दारूच्या रेणूंची कमी. मग वर्ग हसला. वरच्या पाड्यांवरची पोरं जास्त हसली.

संध्याकाळी डाळीला आधण ठेवलं होतं. बहीण गुडघ्याला शेक घेत बसली होती, त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते. तिने विचारलं, आपल्या रक्तातला कोणता बंध तुटलाय? तेव्हा मी ते सांगितलं.

मी सांगत गेले. हिमोग्लोबिन म्हणजे हजारो अणूंचा अवाढव्य रेणू. त्याच्या चार साखळ्या असतात. तुझ्यात त्यातल्या दोन साखळ्यांत एकेका जागी एकच कडी वेगळी आहे. तिथे पाण्यात रमणारी कडी हवी होती, तिच्याऐवजी पाण्यापासून अंग चोरणारी कडी आली आहे. रेणूने ऑक्सिजन धरलेला असतो तोवर काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार जरासा बदलतो आणि त्याच्यावर एक खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूची ती अंग चोरणारी कडी पाणी टाळायला त्या खोबणीत शिरते. एकाला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, अशा दोऱ्या होतात आणि दोऱ्यांना दोऱ्यांचे पीळ पडतात. मग लाल पेशी आतून ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसेत अडकते. तिच्या पुढे रक्त जात नाही, म्हणून दुखतं.

"बंध नाही तो, ओढच आहे," मी म्हणाले. "एकेकटी घेतली तर अगदी कमजोर."

"कमजोर आहे तर तोडता येत नाही?"

पाणी भरपूर पी, थंडीत जाऊ नको, धाप लागेल असं धावू नको, गोळी चुकवू नको, हे मी तिला सांगितलं. इतकं शिकून माझ्या हातात तेवढंच होतं आणि ते तर तपासणीवाल्यांनी आईलाही सांगितलं होतं.

ती बारावीला गेली. हिवाळ्यात वर मामाच्या घरी इंदल ठरला. आमच्यात इंदल म्हणजे घराने नवसाने मानलेला मोठा सण. रात्रभर पूजा आणि ढोल चालतात आणि सगळे नातलग जमतात. मी जायचं नाही म्हणाले होते. परीक्षा जवळ आली होती आणि वर थंडी इतकी की सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असतं. पण आईचा निरोप आला, आणि बहीण म्हणाली की वर्षभर ती खाली नुसती जपली जातेय, एक रात्र तरी आपल्या माणसांत नाचू दे. मी तिची जाड शाल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले.

ती नाचली. बायकांच्या फेरात कमरेला हात गुंफून, पुढे चार पावलं, मागे चार पावलं. मी तिला बाहेर बोलावून पाणी पाजलं तेव्हा ती हसत होती आणि तिचे हात गार पडले होते. थोड्या वेळाने मी आडवी झाले. उजाडताना आई मला हलवायला आली. बहीण शेकोटीजवळ अंगाची मुटकुळी करून पडली होती. दात घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

दुखणं आम्हाला नवीन नव्हतं. हात, गुडघे, पाठ, सगळ्यांची पाळी येऊन गेली होती. शेकायचं, पाणी पाजायचं, गोळी द्यायची आणि ओसरायची वाट बघायची. पण या वेळी तिने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर नेला आणि म्हणाली की श्वास आत घेतला की इथे टोचतं. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठांवर राखेचा रंग आला होता. छातीत झालं तर थांबायचं नाही, हे मला एका डॉक्टरांनी फार पूर्वी बजावून सांगितलं होतं.

पूजेला आलेले म्हातारे बडवा, आमच्याकडचे पुजारी आणि वैदू, तिथेच होते. आईने त्यांना बोलावलं. ते तिच्यापाशी बसले, ज्वारीचे दाणे तिच्यावरून उतरवले आणि उठताना आईला एवढंच म्हणाले की हिला खाली न्या, वेळ काढू नका. पाहुण्यांना घेऊन आलेली जीप होती. मागच्या बाकावर आईने तिला मांडीवर घेतलं आणि मी खाली पायाशी बसले.

तो घाट मी आयुष्यभर उतरत आलेय. त्या दिवशी मला त्याचं एकेक वळण छातीवर घेतल्यासारखं लागलं. गाडी वळली की ती कण्हायची, वळली की कण्हायची. पुढे पुढे कण्हणंही थांबलं, तेव्हा मी जास्त घाबरले. मी तिच्या ओठांना पाणी लावत होते आणि डोक्यात वेड्यासारखं तेच चाललं होतं. श्वास अपुरा, म्हणून ऑक्सिजन कमी. ऑक्सिजन कमी, म्हणून आणखी दोऱ्या. आणखी दोऱ्या, म्हणून फुप्फुसात आणखी अडथळा आणि श्वास आणखी अपुरा. हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. आई माझ्यासारखीच घाबरली होती, पण ती देवाचं नाव तरी घेत होती.

शहाद्याला त्यांनी ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं आणि अँब्युलन्सने नंदुरबारला पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग होता. रक्त फार उतरलंय, त्या म्हणाल्या, चांगलं रक्त चढवायला हवं आणि लवकर.

रक्त आमच्या ओळखीचं होतं. लहानपणी तिला कितीदा तरी चढवलं होतं. त्यानेच आता घात केला. परक्या रक्ताच्या पेशींवरच्या खुणा तिच्या शरीराने हळूहळू ओळखायला घेतल्या होत्या आणि त्यांच्याविरुद्ध तयारी करून ठेवली होती. रक्तपेढीतले तंत्रज्ञ, एक अबोल गृहस्थ, एकेका पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून पाहत होते. मी दारात उभी राहिले, त्यांनी मला हाकललं नाही. गट तोच, तरी प्रत्येक नळीत रक्ताचे दाणे दाणे होत होते, फाटलेल्या दुधासारखे. ते मान हलवायचे आणि पुढची नळी घ्यायचे.

मी बाही वर केली आणि माझं घ्या म्हणाले. सख्खी बहीण आहे, माझं जुळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. त्यांनी नमुना घेतला. मी बाकावर बसले. आई माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली होती. काही वेळाने ते नळी घेऊन बाहेर आले, उजेडात धरली. एकही दाणा नव्हता. सारखं, तांबडं, गुळगुळीत. मी उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमची सिकलसेलची तपासणी झालीय?"

मी खोटं बोलू शकले असते. ते तपासणार होतेच, पण त्या क्षणी मी एवढा विचार केला नव्हता. वाहक आहे, मी म्हणाले. त्यांनी नळी खाली घेतली.

त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की मला माझीच कीव येते. मी डॉक्टर बाईंच्या मागे मागे वॉर्डभर फिरले. मला कधी काही झालं नाही, मी घाट चढते, दिवसभर वर्गात उभी राहते, माझं रक्त निरोगी आहे, असं सांगत राहिले. माझ्यातले निम्म्याहून जास्त रेणू चांगले आहेत, ते तरी तिला मिळतील. त्यांनी शेवटी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही रसायनशास्त्र शिकवता ना? जे रेणू तिच्यात चिकटताहेत, तसलेच आणखी तिच्यात घालू?"

हे मीच वर्गात फळ्यावर काढून दाखवलं असतं. तरी मी हात जोडले. माझंच रक्त तिला चालत नाही, हे मला मान्यच होत नव्हतं. त्यांनी माझे हात धरून खाली केले आणि विचारलं की घरात आणखी कोण आहे. आईचा उपयोग नव्हता. मुलीत दोष दोन्हीकडून आला म्हणजे आईत तो असणारच. ते आईला पावरीत समजावून सांगणं मला भाग पडलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने आपला दंड दुसऱ्या हाताने झाकून घेतला, जणू तिथे काही घाण लागली होती. मी तिला सांगितलं की यात तुझं काही चुकलं नाही. पण ते सांगायला मी उशीर केला, चेहरा पडायचा तो पडून गेला होता.

राहिला भाऊ. तो बारडोलीच्या बाजूला कुठल्या तरी उसाच्या फडात होता. त्याचा स्वतःचा फोन बंद पडलेला, मुकादमाचा लागेना. मी फोन लावत राहिले. तो लागला तरी भावाचं रक्त चालेल याची खात्री नव्हती. आई-वडील दोघेही वाहक असले की मुलाच्या वाट्याला काहीच न येणं ही चारातली एकच शक्यता असते. हे गणित मी दरवर्षी पोरांना सांगते असं नाही, पण ते मला येतं. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

दुपारी घरमालकीण मावशी एसटीने आल्या. मी सकाळी फोनवर फक्त पोरगीला नंदुरबारला आणलंय एवढं म्हणाले होते. त्यांनी डबा आणला होता. आधी म्हणाल्या, "मन्हं रगत लई ल्या." साठी उलटलेल्या बाईचं कसं घेणार? मग मी भावाचं सांगितलं. त्यांच्या माहेरचं कोणी बारडोलीत दुकान चालवत होतं. मावशींनी तिथे फोन लावला आणि अहिराणीत गुजराती मिसळून इतक्या जोरात बोलल्या की वॉर्डातले लोक बघायला लागले. तो माणूस मोटरसायकलवर ऊसतोड्यांच्या झोपड्यांचा पडाव शोधत निघाला. "तू काय घाबरी ऱ्हायनी," मावशी मला धीर देत म्हणाल्या, "मी शे ना आठे." मग त्या आईशेजारी जाऊन बसल्या. एकीला दुसरीची भाषा धड कळत नव्हती, पण त्या बसून राहिल्या.

मी बहिणीजवळ गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. श्वास उथळ आणि भराभर, पाखरासारखा. तिने डोळे उघडले, मुखवटा थोडा बाजूला केला.

"बाई, माझ्या छातीत दोऱ्या झाल्यात का?"

"हो," मी म्हणाले. "पण ऑक्सिजन मिळाला की सुटतात त्या."

"सगळ्या?"

मी मुखवटा परत बसवला. काही पेशी एकदा वाकल्या की परत सरळ होत नाहीत. तिला ते माहीत होतं, मीच सांगितलेलं. तिने माझ्याकडे बघत डोळे मिटले. मला वाटलं, तिने मला उत्तरातून मोकळं केलं.

भाऊ संध्याकाळच्या गाडीने आला. फडातून तसाच उठून आला होता. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, जाळलेल्या पाचटाची काजळी कानांच्या पाळ्यांपर्यंत. बायकोला पडावावर ठेवून आला होता. त्याने बहिणीला पाहिलं आणि वळून माझ्यापुढे हात केला, जणू रक्त मीच काढणार होते. मी त्याला नळावर हात धुवायला लावले.

तंत्रज्ञांनी त्याच्या बोटाला टोचलं. थेंब औषधात पडला. नळी थोडी हलवून त्यांनी स्टँडमध्ये ठेवली. मागे तोच कागद, काळ्या रेघांचा. थांबायला लागतं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी नळीकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर पाल होती, तिच्याकडे बघत राहिले. देवाला मी फारसं मानत नाही. त्या वेळी मात्र मी मामाच्या घरी मांडलेल्या इंदलाच्या देवाला शब्द देऊन बसले, कसला ते सांगत नाही.

"या, बघा," तंत्रज्ञ म्हणाले.

नळीतलं पाणी तांबूस आणि पारदर्शक होतं. पलीकडच्या रेघा दिसत होत्या. सगळ्या, काळ्या, सरळ. मी त्या बोटाने मोजल्यासारख्या पाहत गेले.

पुढे गट पाहिला, जुळवणी झाली, बाकीच्या तपासण्या झाल्या. दाणा धरला नाही. भाऊ पलंगावर पडून मूठ उघडझाप करत होता आणि पिशवी भरत होती. मी शेजारी उभी राहिले. त्याने विचारलं की त्याच्या रक्तात असं काय आहे, जे माझ्यात नाही. काही जास्त नाही, मी म्हणाले, तो दोष तुझ्या वाट्याला आला नाही इतकंच. त्याने भरत आलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या वाट्याचं तिला गेलं का?"

तसं नसतं, मी त्याला सांगितलं. प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं, एकाचं दुसऱ्याला जात नाही. त्याला ते पटलं नाही. त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरत होतं आणि दुसरा हात मोकळा असूनही तो पुसत नव्हता. मी पुसलं.

ती वाचली. लगेच नाही. भावाची पिशवी चढली, मग बाहेरून जुळलेली आणखी एक मिळाली. छातीतला ढग हळूहळू विरला. श्वास लांब झाला, ओठांवर रंग आला. भाऊ फडावर परत गेला. मावशी येत-जात राहिल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. मग तिला पहिल्यांदा उभं केलं आणि तिचा उजवा पाय जमिनीवर टेकेना.

खुब्याचं हाड. त्याच्या गोल टोकाला जाणाऱ्या बारीक नसा त्या दिवसांत बंद पडल्या होत्या आणि रक्तावाचून ते टोक मेलं होतं. डॉक्टर बाईंनी ते नीट समजावून सांगितलं. मी मान हलवत होते. मला सगळं कळत होतं आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर माझा काही इलाज नव्हता. पुढे कधीतरी शस्त्रक्रिया करता येईल, त्या म्हणाल्या, पण वय लहान आहे आणि हिला भूल देणंही जोखमीचं.

परीक्षा होऊन गेली. तिच्या वर्गातली पोरं पेपर झाला की आमच्या दारावरून जायची. ती खिडकीत बसायची नाही. मी तिला पुढच्या वर्षीचं बोलायचे. ती हो म्हणायची. मग एक दिवस ती म्हणाली की तिला वर जायचंय. सुट्टीपुरतं नाही, राहायलाच.

मी तिच्याशी भांडले. इथून दवाखाना जवळ आहे, वर काय आहे? रस्ता, थंडी, दुखलं तर गाडी मिळेल की नाही याचा भरवसा नाही. मी पुन्हा ते घाटाचं सगळं बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"इथे मी दुखायची वाट बघत बसते, बाई," ती म्हणाली. "तू कॉलेजला जातेस, मी भिंत बघते. वर माणसं आहेत. दुखेल तेव्हा दुखेल."

"आणि छातीत झालं तर?"

"तर झालं."

हे ती रागाने बोलली असती तर मी तिला अडवलं असतं. ती भाकरीचा तुकडा मोडत बोलली. मी डॉक्टर बाईंना फोन केला. त्यांनी मला हवं होतं ते ठाम उत्तर दिलं नाही. गोळ्या चुकवू नका, त्या म्हणाल्या, आणि तिचं वय स्वतःचं ठरवण्याचं आहे.

मोह वेचायच्या दिवसांत मी तिला वर नेलं. घाटात ती माझ्या बाजूला बसली होती, मांडीवर काठी आडवी धरून. आईने अंगणात खाट टाकून ठेवली होती. आजूबाजूच्या बायका आल्या, तिच्याभोवती बसल्या, तिच्या पायाला हात लावून बघितला, मग मोहाच्या फुलांचं बोलायला लागल्या. तीही बोलायला लागली. म्हसावदला ती इतकी बोलल्याचं मला आठवत नाही. मी आईला गोळ्यांचं समजावलं, ताप आला तर काय, ओठ काळवंडले तर काय. आई म्हणाली की तिला माहीत आहे. मी परत समजावलं. निघताना मी बहिणीला काही बोलायला गेले आणि पाणी पीत जा एवढंच तोंडातून निघालं.

जूनमध्ये नवीन अकरावी आली. पाड्यांवरची पोरं मागच्या बाकांवर, जवळ जवळ बसलेली. त्यांच्यातल्या कितींनी बोट टोचून घेतलंय, हे मी आता पहिल्या आठवड्यातच विचारते. काही पोरं मान खाली घालतात. मी त्यांना तालुक्याला तपासणीला पाठवते. लग्न ठरायच्या आधी कळायला हवं, असं मुलींना वेगळं बसवून सांगते. त्या हसतात. बंधांचं प्रकरण मी शिकवते. मोहाचं उदाहरण देत नाही, कारण माझं पुढचं वाक्य कुठे जाईल याची मला खात्री नसते.

आमच्या पाड्यावर फोनला नेटवर्क नाही. शाळेमागच्या टेकाडावर चढून गेलं तर लागतो. म्हणजे वरून फोन आला की कोणीतरी मुद्दाम टेकाड चढून गेलेलं असतं. आईच्या शेजारणीचा नंबर दिसला की मी हातातलं सगळं खाली ठेवते. उचलायच्या आधी मी खाली बसून घेते.

परवा दुपारी तसाच आला. मी स्टाफरूममध्ये होते. उचलला तर पलीकडून कोणी बोलेना, नुसती धाप ऐकू येत होती. मी विचारलं, कोण आहे? काय झालं?

"काही नाही," बहीण म्हणाली. "मीच चढून आले."

मी तिच्यावर ओरडले. कोणाबरोबर आलीस, काठी आहे का, पाणी आणलंस का, बस आधी, बोलू नको. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण श्वास तिला हसू देत नव्हता. फोन कानाला घट्ट धरून मी ऐकत राहिले, श्वास आत, श्वास बाहेर, आत, बाहेर, आणि तो कमी होतोय की वाढतोय, हे इतक्या लांबून मला काही कळेना.